राज्याची क्रीडा संस्था खेळाडू घडवते का, हे कसं तपासायचं – डिचोलीच्या प्रश्नाला जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न वाचला बाब. थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल काय चाललंय. तुम्ही गोव्यातल्या डिचोलीचे, मुलगी १३ वर्षांची, ४०० मीटर धावते, आणि तालुक्यातल्या पालकांच्या गटाने तुमच्या गळ्यात काम घातलंय की राज्य पातळीवरची क्रीडा संस्था खरोखर स्पर्धेचे खेळाडू तयार करते का यावर एक टिपण लिहा. गटात एक जण म्हणतो २०२३ च्या राष्ट्रीय खेळांत ९२ पदकं आली, अजून काय पाहिजे. दुसरा म्हणतो सगळा देखावा, सामने संपले आणि सगळं थंड. तुम्ही विचारताय की यातलं खरं कुठलं आणि ते मोजायचं कसं.

मी ॲथलेटिक्सचा माणूस, एनआयएस म्हणजे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक कोर्स करून आलो आणि बहुतेक आयुष्य गोव्यातल्याच मैदानांवर गेलं, पुढे निवड समित्यांवर बसलो, संस्थांचं काम तपासायचीही वेळ आली. त्यामुळे धावण्याबद्दल बोलेन ते आतलं, फुटबॉल-बुद्धिबळाबद्दल बोलेन ते कडेला उभं राहून बघितलेलं, एवढं धरून वाचा.

आधी ते ९२ चं बघू कारण तुमच्या गटात भांडण त्यावरच अडकलंय. ३७ वे राष्ट्रीय खेळ आपल्याकडे झाले, २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर २०२३, त्यात गोव्याला २७ सुवर्ण, २७ रौप्य, ३८ कांस्य आणि नववा नंबर. हे खरंच मोठं होतं, त्याआधी आपण असं काही बघितलं नव्हतं, कोणी नाक मुरडलं तर मला राग येतो. पण आकडा वाचताना तीन गोष्टी बाजूला लिहून ठेवा. एक, आपण यजमान होतो आणि यजमानाला सांघिक खेळांत पात्रता फेरीशिवाय थेट जागा मिळते, एरवी जिथे आपला संघ पोचलाच नसता तिथे तो उतरला. दोन, हे खेळ वर्षानुवर्षं पुढे ढकलले जात होते, ३६ वे आपल्याकडे व्हायचे ते शेवटी २०२२ मध्ये गुजरातला गेले, म्हणजे तयारीला वेळ भरपूर मिळाला आणि सरकारचं लक्षही तिकडेच होतं. तीन, पेंचाक सिलाट आणि स्क्वे हे मार्शल आर्टचे प्रकार, रोलबॉल, बीच फुटबॉल असले खेळ त्या वर्षी पहिल्यांदाच आत आले. ज्या खेळात सगळीच राज्यं नवीन असतात तिथे मनावर घेऊन वर्षभर शिबिर चालवणारं छोटं राज्यही वर येतं, आणि त्यात गैर काही नाही, उलट हुशारी आहे. पण शंभर मीटर किंवा बॅडमिंटनमधलं एक कांस्य आणि नव्या खेळातलं एक कांस्य यांच्यामागे लागणारी वर्षं सारखी नसतात.

म्हणून तुम्ही काय करा, ९२ ची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे दोनच रकाने करा. हा खेळाडू १४ वर्षांखालच्या वयात गोव्याच्या कुठल्याही स्पर्धेत होता का, आणि जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्तराखंडला ३८ वे खेळ झाले तिथे तो पुन्हा दिसला का. पदक परत मिळालं की नाही ते सोडा, दिसला का एवढंच. दोन्हीकडे हो असलेली नावं किती निघतात ते बघा, तुमच्या गटातलं अर्धं भांडण तिथेच मिटेल.

आता कोणाचा खेळाडू कोणी घडवला हा भाग. गोव्यात आपण नाव झालेल्या प्रत्येकाला आपला म्हणतो आणि म्हणायलाही हवं. दिलीप सरदेसाई मडगावचे, क्रिकेट घडलं मुंबईत. तनिशा क्रास्टो आपली, पॅरिस ऑलिंपिकला अश्विनी पोनप्पाबरोबर बॅडमिंटनची दुहेरी खेळली, पण ती वाढली दुबईत आणि पुढचा सराव हैदराबादला गोपीचंद अकादमीत. लिऑन मेंडोन्सा १४ व्या वर्षी बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर झाला, २०२० च्या लॉकडाउनात वडिलांबरोबर युरोपात अडकला आणि तिथेच एकामागून एक स्पर्धा खेळून नॉर्म म्हणजे त्या किताबासाठी लागणाऱ्या कामगिऱ्या पुऱ्या केल्या. बुद्धिबळात आपल्याकडे अनुराग म्हामल आहे, भक्ती कुलकर्णी आहे, इतक्या लहान राज्याला एवढी नावं म्हणजे कौतुकच. पण तपासणाऱ्याने विचारायचा प्रश्न निराळा असतो, १२ ते १६ या वयात प्रशिक्षकाची फी कोणी भरली, प्रवास कोणी केला, शाळेशी कोण भांडलं. बहुतेक ठिकाणी उत्तर येईल घरच्यांनी. मग राज्याची संस्था त्यात कुठे होती, सुरुवातीला होती, मधे हात दिला, की शेवटी विमानतळावर हार घेऊन उभी होती. टिपणात खेळाडूंचे असेच गट पाडा: संस्थेने घडवलेले, संस्थेने हात दिलेले, आणि घरच्यांनी घडवलेले. तिसरा गट मोठा असणं हा गुन्हा नाही, फक्त तो संस्थेच्या खात्यात लिहू नका.

आणि संस्था संस्था म्हणताना नेमकी कुठली तेही आधी स्पष्ट करा, नाहीतर पहिल्याच बैठकीत तुम्हाला गोल गोल फिरवतील. शाळांच्या स्पर्धा आणि पीईचे शिक्षक हा क्रीडा आणि युवा व्यवहार संचालनालयाचा प्रांत. मैदानं, स्टेडियम, प्रशिक्षक, अनुदान हे क्रीडा प्राधिकरणाकडे म्हणजे आपण एसएजी म्हणतो ते. राज्याचा संघ निवडणं, एन्ट्री पाठवणं हे त्या त्या खेळाच्या असोसिएशनचं. राष्ट्रीय खेळांना पथक नेणं गोवा ऑलिंपिक असोसिएशनकडे. पोरगी मधेच गळाली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचं थोडं थोडं खरं असतं.

आता माझ्या मते जे खरं मोजायला हवं त्याकडे येतो. एक बॅच धरा आणि तिच्या मागे मागे जा. बस, बाकी सगळं यातूनच बाहेर पडतं.

का ते सांगतो. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४.५८ लाख, महाराष्ट्राची ११ कोटींच्या वर. आपल्याकडे दहावीला एका वर्षी साधारण १९-२० हजार पोरं बसतात, म्हणजे एका वयाची सगळी मिळून एवढीच मुलं आहेत आपल्याकडे, त्यात अर्ध्या मुली, त्यातल्या खेळणाऱ्या किती, त्यात तुमच्या खेळाच्या किती. महाराष्ट्रात एका वयातली चांगली दहा पोरं सुटली तरी मागे शंभर उभी असतात, त्यांना चाळणी परवडते. आपल्याला नाही परवडत. गोव्यासारख्या ठिकाणी निवड किती कडक केली याला फार अर्थ नाही, हाती आलेलं पोर सात-आठ वर्षं टिकवलं का याला आहे. पण संस्थेचे अहवाल उघडा, त्यात शिबिरं किती झाली, लाभार्थी किती, किट किती वाटले हे सगळं मिळेल, टिकले किती हे सहसा सापडत नाही.

तर करायचं असं. तुमच्या खेळाची १४ वर्षांखालची राज्य स्पर्धेची निकालपत्रं घ्या, २०१८ च्या आसपासची. पहिले आठ आलेले प्रत्येक प्रकारातले, मुलं मुली वेगळी. मग १६ खालची यादी, १८ खालची, २० खालची, खुल्या गटाची, त्यात हीच नावं शोधा. शालेय स्पर्धांत करत असाल तर १४, १७, १९ असे गट असतात. जे गळाले त्यांच्यापुढे गळाल्याचं वर्ष आणि फोन करून कारण लिहा, गोवा लहान आहे, दोन फोनमध्ये कोणाचाही पत्ता लागतो, हा आपला एक मोठा फायदा आणि कोणी वापरत नाही.

कारणं काय निघतील ते मी आताच बऱ्यापैकी सांगू शकतो. दहावीत सगळ्यात मोठी गळती. आपल्या बोर्डात खेळाचे गुण मिळतात, पालकांना पक्कं माहीत असतं, त्यासाठी पोरं स्पर्धेत उतरतात, आणि त्यामुळे नववी-दहावीच्या एन्ट्री फुगलेल्या दिसतात. गुण मिळाले की सर्टिफिकेट फाइलमध्ये आणि पोरगं क्लासला. खेळाच्या गुणांना माझा विरोध नाही, त्यामुळे निदान मैदानात येतात तरी, पण संस्थेने दाखवलेली ती मोठी सहभाग संख्या खेळाडू घडवण्याचा पुरावा म्हणून घेऊ नका. त्या वर्षाच्या पुढचं वर्ष बघा. बारावीनंतर दुसरी गळती, आणि सासष्टी-बार्देस-तिसवाडीच्या किनारी गावांत आणखी एक कारण, पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात किंवा जहाजावर. विशीतला चांगला धावणारा किंवा खेळणारा मुलगा घरचं बघायला जातो, त्याला दोष कसला देणार. पण संस्थेकडे त्या वयासाठी नोकरी, शिष्यवृत्ती, काहीतरी रस्ता होता का आणि त्याला तो कोणी सांगितला का, हे विचारता येतं.

मुलींचं वेगळं बघा, एकत्र टक्केवारी काढली तर सगळं लपून जातं. तुम्हाला एक उदाहरण देतो. एका सरकारी सेंटरवर मी तपासणीला गेलो होतो, नाव सोडा. मस्टर बघितला तर सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीची हजेरी महिनाभर जवळजवळ पूर्ण, सगळीकडे पी पी पी, म्हणजे प्रेझेंट. मग मैदानावर थांबलो. सराव चारला सुरू, वॉर्म-अप, ड्रिल्स यात तास-सव्वा तास जातो, मुख्य काम पाच-सव्वापाचला सुरू होतं, आणि ही पोरगी पाच वीसला बूट बदलून बॅग उचलते कारण पुढची कदंबा (आपली सरकारी बस) चुकली तर पणजीहून वाळपईच्या शेवटच्या बसला धावावं लागतं आणि घरी काळोख. म्हणजे महिनाभर तिने वॉर्म-अपच केला. प्रशिक्षकाला विचारलं तर म्हणाला सर मी काय करू, तिला लवकर येता येतं पण ग्राउंड मला चारलाच मिळतं. आपल्या शाळा दीडला सुटतात हो, दुपार मोकळी असते, इतर राज्यांतल्या प्रशिक्षकांना याचा हेवा वाटतो. अडीचला उन्हात धावायला मीही लावणार नाही, पण जिम, मोबिलिटी, व्हिडिओ बघणं, दोन घास खाऊन विश्रांती आणि मग साडेतीनला मैदान, असं बसवता आलं असतं. बसवलं नाही कारण कागदावर काही अडचणच नव्हती, हजेरी पूर्ण होती ना.

म्हणून टिपणात हजेरीचा आकडा घेऊच नका, मुख्य सरावाची मिनिटं घ्या. तीन संध्याकाळी जाऊन घड्याळ लावून बसलात तरी कळतं.

याला जोडून नकाशाचा प्रश्न. मोठी साधनं बघा कुठे आहेत: फातोर्डा, नावेलीचं इनडोअर, बांबोळीचा ट्रॅक, ताळगावचं श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियम, कांपालचा जलतरण तलाव, म्हापशाचं पेडे क्रीडा संकुल. फोंड्यालाही आहे. किनारपट्टीला भरपूर. राज्याच्या ज्युनियर संघातल्या मुलांचे पत्ते १२ तालुक्यांत मांडा, सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या ओळींत किती पडतात ते बघा, आणि पडत असतील तर ती मुलं कुठे राहून सराव करतात ते विचारा. माझा अनुभव असा की धावण्यासाठी अंगात दम असलेली पोरं आतल्या तालुक्यांतच जास्त सापडतात, चढ-उताराची, कामाची सवय असते. इमारती झाल्या यात वाद नाही, २०१४ च्या लुसोफोनिया म्हणजे पोर्तुगीज भाषिक देशांच्या खेळांसाठी आणि नंतर ३७ व्या खेळांसाठी चांगल्या झाल्या. पण स्टेडियमचं बुकिंग रजिस्टर एकदा मागून बघा. वर्षात सरावाचे तास किती, आणि मेळावे, प्रदर्शनं, कार्यक्रम यांचे किती. कार्यक्रम व्हावेत, देखभालीला पैसा त्यातूनच येतो, फक्त ते सरावाच्या वेळात किती दिवस घुसले हे त्या रजिस्टरात स्वच्छ दिसतं.

आणि पाऊस. हा बाहेरच्या मूल्यमापनवाल्यांच्या कधी डोक्यातच येत नाही. जून ते सप्टेंबर, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मैदान म्हणजे तळं. वर्षाचा तिसरा हिस्सा गेला. ॲथलेटिक्समध्ये हाच काळ पाया घालण्याचा, ताकद, तंत्र, हळूहळू वाढवत नेलेलं धावणं. प्रशिक्षकाची डायरी मागा आणि थेट जुलैचं पान उघडा. मी बघितलेल्या बऱ्याच डायऱ्यांत मार्चचं पान गच्च असतं, दोनशे मीटर सहा वेळा, मधे तीन मिनिटं विश्रांती, प्रत्येकाची वेळ लिहिलेली, आणि जुलैत एकच ओळ खाली खाली ओढलेली, पाऊस, थिअरी. काही जण मात्र शाळेच्या व्हरांड्यात हर्डल मोबिलिटी घेतात, पंचायत हॉलात मेडिसिन बॉल, जिन्यावर उड्या, आणि पाऊस थांबेल त्या तासाला रस्त्यावर. असा प्रशिक्षक दिसला तर त्याचं नाव तुमच्या टिपणात ठळक लिहा, कारण संस्थेच्या अहवालात ते येणार नाही.

प्रशिक्षकांचं मोजताना नुसती संख्या नको. किती जण कंत्राटावर, कंत्राट किती महिन्यांचं, आणि दर वेळी नूतनीकरणाच्या आधी किती दिवस बिनपगारी लटकले. सात-आठ वर्षं पोर टिकवायचं म्हणता आणि प्रशिक्षक स्वतः ११ महिन्यांचा, तर त्याने कशाच्या जोरावर लांबचा विचार करावा. तो या वर्षी पदक देणाऱ्या पोराच्या मागे लागणार, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. शिक्षण बघा, पतियाळाचा एनआयएस डिप्लोमा आहे की सहा आठवड्यांचा कोर्स, फुटबॉलमध्ये एएफसीचं (आशियाई फुटबॉल महासंघाचं) कुठलं लायसन्स, आणि मागच्या चार वर्षांत संस्थेने स्वतःच्या खर्चाने किती जणांना पुढच्या कोर्सला पाठवलं.

वयाचा मुद्दा नाजूक आहे पण टाळू नका. खोटे दाखले ही सगळ्या देशाची कीड आहे, त्यासाठी हाडांच्या वयाची तपासणी असते, ती होते का विचारा. पण त्याहून मोठी गळती प्रामाणिक दाखल्यांतच होते. वयोगटाची कट-ऑफ तारीख धरून निवडलेल्या मुलांचे जन्ममहिने मांडा. जानेवारीचा मुलगा आणि डिसेंबरचा मुलगा एकाच गटात, मधे जवळजवळ वर्षाचं अंतर, आणि तेराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे हाताचा पंजाच वेगळा. निवडीत पहिल्या तीन महिन्यांतली मुलं भरमसाट दिसली तर संस्था गुणवत्ता निवडत नाही, लवकर वाढलेलं शरीर निवडते. ही गोष्ट जगभर दिसलेली आहे, आपल्यालाच काही वेगळा शाप नाही, पण पुन्हा तेच, मोठ्या राज्याला उशिरा वाढणारी मुलं गमावणं चालून जातं, आपल्याला नाही.

फुटबॉलबद्दल थोडंच. तिथे चित्र उलटं आहे, म्हणून तुमच्या टिपणात एक परिच्छेद तुलनेसाठी टाका. गोवा फुटबॉल असोसिएशन १९५९ ची, राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा संतोष ट्रॉफी ५ वेळा आपल्याकडे, आणि २०२४ च्या मार्चमध्येसुद्धा सर्व्हिसेसविरुद्ध फायनल खेळलो. ब्रह्मानंद शंखवाळकर ताळगावचे, ब्रुनो कुतिन्हो, हे सगळे गावच्या मैदानातून क्लबात आणि क्लबातून देशाकडे गेले. घडवणारा कणा क्लबांचा होता, धेंपो, साळगावकर, चर्चिल, वास्को, स्पोर्टिंग. २०१६ मध्ये आयएसएल या नव्या लीगला देशातली वरची लीग करायच्या बेतावरून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तोवरच्या वरच्या आय-लीगमधून बाहेर पडले, आणि १८ वर्षांच्या पोराला गावातून निघून पगार मिळेपर्यंतच्या ज्या पायऱ्या होत्या त्यातल्या मधल्याच एकदम कमी झाल्या. ते राज्याच्या संस्थेच्या हातात नव्हतं. पण त्यानंतर त्या मधल्या पायऱ्यांसाठी कोणी काय केलं हे विचारणं तुमच्या हातात आहे. फुटबॉलमध्ये दुसरी तक्रार आहे ओझ्याची, सोळा वर्षांचा चांगला मुलगा शाळेसाठी खेळतो, क्लबसाठी, गावासाठी, वर शेतं कापून झाली की बक्षिसांच्या इंटर-व्हिलेज स्पर्धा, आणि आठवड्याचे एकूण सामने किती झाले हे एकाही माणसाच्या वहीत एकत्र नसतं. गुडघ्याखालचं हाड दुखतं म्हणून बर्फ लावून परत उतरतो. संस्था खेळाडू घडवते म्हणायचं तर एका पोराच्या सगळ्या सामन्यांची एक नोंद तिच्याकडे असायला नको का.

पैशाचं फार खोलात जाऊ नका, तुमच्याकडे तेवढा वेळ नाही आणि ऑडिट हे तुमचं काम नाही. दोनच गोष्टी बघा: असोसिएशनला मिळालेल्या अनुदानातलं किती प्रवास, ब्लेझर आणि उद्घाटनावर गेलं आणि किती प्रशिक्षक, शिबिर, फिजिओवर, आणि अनुदान हातात कधी आलं, स्पर्धेआधी की मार्च संपताना. मार्चअखेर आलेला पैसा बहुधा किटमध्येच जातो, दुसरं काही करायला वेळच उरत नाही.

हे सगळं कसं मिळवायचं? निकालपत्रं असोसिएशनकडे असतात, गोडीने मागा, बहुतेक सेक्रेटरी देतात, त्यांनाही कोणी विचारलं की बरं वाटतं. प्रशिक्षकांची यादी, कंत्राटाच्या तारखा, बुकिंग रजिस्टर, अनुदानाच्या तारखा हे सरकारी रेकॉर्ड आहे, आरटीआय टाका. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. प्रश्न लहान लहान आणि नेमके ठेवा, खेळाडू विकासासाठी काय केलं असं लिहिलंत तर चार पानं उपक्रमांची येतील आणि हाती काही लागणार नाही. वर्ष टाका, सेंटरचं नाव टाका, कागदाचं नाव टाका. आणि १८ वर्षांखालच्या मुलांची नावं टिपणात छापू नका, नंबर द्या, गावात लगेच चर्चा होते.

आता तुमच्या मुलीबद्दल, ते तुम्ही शेवटी हळूच विचारलंय पण मला वाटतं खरी काळजी तीच आहे. १३ ला ४०० वर पक्कं करू नका. ॲथलेटिक्स फेडरेशनची जिल्ह्यांची राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धा असते तिथेसुद्धा १४ खालच्यांना ट्रायथलॉन असतं, धावणं, उडी, चेंडूफेक असं मिळून, ते उगाच नाही. तिला लांब उडी मारू दे, ६०० धावू दे, हर्डल शिकू दे. मुलींची उंची झपाट्याने वाढायचा काळ साधारण बाराच्या आसपास येऊन जातो, त्यानंतर दोन-तीन वर्षं वेळ तिथेच अडकते किंवा मागेसुद्धा जाते, अंगाची मापं बदललेली असतात, पाळी सुरू झालेली असते, आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे प्रशिक्षक म्हणतो हिचं संपलं आणि घरचे म्हणतात दहावी आली. हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा बघा, १२ च्या खाली असेल तर आधी डॉक्टर, मग ट्रॅक. सरावात पाळीबद्दल बोलायला कोणी बाई आहे का, कपडे बदलायला दाराला कडी असलेली खोली आहे का, हे जाऊन स्वतः बघून या, आणि तेच दोन प्रश्न तुमच्या टिपणातही घाला, प्रत्येक सेंटरसमोर हो किंवा नाही. माझी पैज आहे की मुलींच्या गळतीचा आकडा आणि या दोन उत्तरांचा आकडा एकमेकांशी जुळेल.

तुमच्या गटातला तो दुसरा माणूस, सगळं देखावा म्हणणारा, त्याला यादी करायला बसवा असं माझं सुचवणं. तक्रार करणारी माणसं चिवट असतात, जुनी निकालपत्रं शोधून आणायला तसलाच माणूस लागतो. आणि ९२ वाल्याला फोन करायला द्या, तो खेळाडूंशी गोड बोलेल. पाऊस चालू आहे तोवर याद्या जुळवून घ्या, ऑक्टोबरला सीझन उघडला की असोसिएशनवाले फोन उचलणार नाहीत. २०१८ ची १४ खालची मुलींची यादी पहिल्यांदा करा, मुलांची नंतर झाली तरी चालेल, आणि ४०० वाल्या ज्या आठ जणी निघतील त्यांचं पुढे काय झालं ते कळलं की मला पाठवा, त्यातल्या दोघी-तिघी मला आठवत असणार, कारणं मी भरून देतो.